बसण्याजोगें शिल्प

संग्रहालयांतील मूर्तीला कोणी हात लावूं नये अशी पाटी लावतां येते. खुर्चीला ती सोय नाहीं. तिच्यावर मनुष्याचा सारा भार पडावयाचा, तोही क्षणभर नव्हे, तासन् तास. आणि बसणारा उठून गेला म्हणजे तीच वस्तु दिवाणखान्यांत सर्वांच्या डोळ्यांसमोर उभी राहावयाची. खुर्चीला शिल्पाचें रूप देऊं इच्छिणाऱ्या कलावंताची खरी अडचण येथेंच आहे. डोळ्याला रुचणारी रेषा पाठीला रुचेलच असें नाहीं.

पाठीची मागणी काय असते, तें आधीं पाहिलें पाहिजे. ताठ बसलेल्या मनुष्याचा बहुतेक भार कटिभागाच्या तळाशीं असलेल्या दोन हाडांवर येतो. कणा काठीसारखा सरळ नसून कमरेपाशीं आंत वळलेला असतो. तेथें आधार मिळाला नाहीं म्हणजे पाठीला पोक येतो आणि स्नायूंना ताण पडतो. बैठक फार उंच असली तर तिची पुढची कड मांडीखालीं रुतते. पाठीचा टेंका मागें कलता ठेवला तर भाराचा कांहीं वांटा पाठीकडे जातो व बैठकीवरील दाब हलका होतो. शिवाय मनुष्याला एकाच स्थितींत फार वेळ राहवत नाहीं. त्याला अंग हलवावयास जागा हवी. महाराष्ट्रांतील कितीतरी घरांच्या ओटीवर असणारी लांब हातांची, वेतानें विणलेली आरामखुर्ची ह्या बहुतेक मागण्या पुरवीत असे. वेत भाराखालीं किंचित् दबतो आणि हवाही खेळूं देतो. तिला कोणी शिल्प म्हटलें नाहीं, ही गोष्ट वेगळी.

उलट, जिला प्रथमपासून शिल्प म्हटलें गेलें अशी खुर्ची हॉलंडमधील उट्रेख्ट येथील गेरिट रीटव्हेल्ड ह्यानें १९१८ च्या सुमारास केली. हा मूळचा सुतार. त्यानें लांकडाच्या पट्ट्या खांचा पाडून एकमेकींत न बसवितां एकमेकींच्या अंगावरून पुढें जाऊं दिल्या, आणि दोन सपाट फळ्यांची बैठक व पाठ केली. पुढें १९२३ च्या सुमारास तिला रंग मिळाले: काळी चौकट, निळी बैठक, तांबडी पाठ, आणि पट्ट्यांच्या टोकांना पिवळा. फळ्या मागें कलत्या असल्यामुळें ती दिसते तितकी निष्ठुर नाहीं; तथापि सपाट फळीवर कमरेचा बांक अधांतरींच राहतो. तिची स्तुति करणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं ती उभ्यानेंच पाहिलेली असावी.

फिनलंडमधील वास्तुशिल्पी आल्वार आल्टो ह्याच्यापुढें प्रश्न आला तो रोग्यांचा. पायमिओ येथें क्षयरोग्यांसाठीं बांधलेलें त्याचें आरोग्यभवन १९३३ सालीं पुरें झालें. त्या काळीं ह्या रोगावर गुणकारी औषध नव्हतें. विश्रांति, स्वच्छ हवा आणि सूर्यप्रकाश एवढाच उपचार. रोग्याला दिवसाचे कित्येक तास पडून किंवा बसून काढावे लागत. हातधुणीच्या भांड्यांत पाणी पडतांना शेजारच्या रोग्याची झोंप मोडूं नये, एवढी बारीक काळजीही आल्टोनें घेतली होती. युरोपांत त्या वेळीं पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांची नवलाई होती. परंतु पोलाद उष्णता भराभर ओढून घेतें, म्हणून अंगाला गार लागतें. तें चमकतें आणि आवाजही करतें. आल्टोनें आपल्या देशांतील बर्च झाडाचें लांकूड पत्करलें. त्याचे पातळ पापुद्रे सरसानें एकावर एक चिकटवून सांच्यांत वांकविण्याचे प्रयोग त्यानें ओटो कोऱ्होनेन ह्या फर्निचर-कारखानदाराच्या साहाय्यानें केले. १९३१-३२ मध्यें जी खुर्ची सिद्ध झाली, तिचे हात व पाय म्हणजे लांकडाचीं दोन अखंड वळीं. त्यांच्या मधोमध प्लायवूडचा एकच पातळ पत्रा, दोन्ही टोकांशीं गुंडाळीसारखा वळलेला. गादी नाहीं, स्प्रिंग नाहीं. पण ती वळणेंच स्प्रिंगचें काम करतात, आणि टेंक्याचा कल छाती मोकळी राहून श्वास सुलभ व्हावा अशा बेतानें ठेवलेला आहे. आज कलासंग्रहालयें जिच्या रेषेसाठीं तिला जपतात, ती रेषा अशी रोग्याच्या छातीसाठीं ओढलेली आहे.

अमेरिकेंत चार्ल्स ईम्स व त्याचा मित्र ईरो सारिनेन ह्यांनीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या स्पर्धेंत १९४० सालीं बैठक व पाठ एकसंध असलेली कवचासारखी खुर्ची मांडली. बक्षीस मिळालें, पण प्लायवूड एकाच वेळीं दोन दिशांना वांकवूं गेलें कीं तडकतें. तडे झांकण्यासाठीं कवचावर कापड चढवावें लागलें. उत्तर मिळालें तें युद्धांत. चार्ल्स व त्याची पत्नी रे ह्यांनीं १९४२ पासून अमेरिकन नौदलासाठीं जखमी पायाला बांधावयाच्या प्लायवूडच्या कमच्या केल्या. सांचा चार्ल्सच्या स्वत:च्या पायावरून घेतलेला होता. योग्य जागीं चिरा व भोंकें ठेवलीं म्हणजे लांकडावरील ताण सुटतो, हें तेथें उमगलें. अशा सुमारें दीड लाख कमच्या तयार झाल्या. रे ही चित्रकार. तिनें त्याच तंत्रानें निव्वळ शिल्पेंही घडविलीं. १९४५-४६ मध्यें त्यांनीं खुर्ची पुन्हां हातीं घेतली तेव्हां एकसंध कवचाचा हट्ट सोडून दिला: बैठक वेगळी, पाठ वेगळी, आणि दोहोंच्या सांध्यांशीं रबराच्या चकत्या, जेणेंकरून बसणारा हलला कीं टेंकाही किंचित् हलावा. ह्याच दांपत्यानें १९५८ सालीं भारत सरकारला दिलेल्या अहवालांत आपल्या लोट्याची थोरवी वर्णिली होती. त्या अहवालांतून १९६१ सालीं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. वापरणाऱ्या पिढ्यान् पिढ्यांनीं घडविलेला लोटा त्यांना आवडावा, ह्यांत नवल नाहीं.

मात्र शिल्पाचा मोह त्यांनाही सुटला नव्हता. १९४८ सालीं कमी खर्चाच्या फर्निचरसाठीं भरलेल्या स्पर्धेकरितां त्यांनीं ढगासारखी तरंगती, मधोमध भोंक असलेली एक मोठी शुभ्र खुर्ची केली. तिचें नांव ‘ला शेझ’. फ्रेंच भाषेंत त्याचा अर्थ खुर्ची असा होतो, आणि गास्तों लाशेझ ह्या शिल्पकाराचीही त्यांत आठवण आहे. त्याच्या तरंगत्या स्त्रीमूर्तीवरून हा आकार सुचला होता. तिच्यावर बसतां येतें, लवंडतां येतें, दोघांना शेजारीं बसतां येतें. पण कमी खर्चाची म्हणून कल्पिलेली ही खुर्ची बनवावयास इतकी महाग पडूं लागली कीं कारखान्यानें ती हातींच घेतली नाहीं. चार्ल्स १९७८ मध्यें वारला, रे १९८८ मध्यें. ‘ला शेझ’ बाजारांत आली ती त्यानंतर.