वळणावर गाडी का वाजते?

सरळ रस्त्यावर पिकअप मुकाट चालते आणि स्टिअरिंग वळवलं की वाजू लागते. नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरणाऱ्या चालकाला या आवाजाचा वैताग येतो. मिस्त्रीला मात्र तो आयता मिळालेला धागा असतो. गाडीखाली सांधे, रबरी बुश, बेअरिंग, कमानीचे पाटे अशी बरीच मंडळी आहेत. त्यातलं कोण कुरकुरतंय याची अर्धी निवड वळणानेच केलेली असते.

सरळ जाताना पुढची चाकं फिरतात आणि खड्ड्यांबरोबर वरखाली होतात, एवढंच. वळताना ती डावी-उजवीकडेही फिरतात, आणि तीही सारखी नाही. आतल्या चाकाचं वर्तुळ लहान, म्हणून ते जास्त वळवावं लागतं. हे गणित घोडागाडीच्या काळातच म्यूनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या गाडी घडवणाऱ्याने ओळखलं होतं. लंडनमध्ये १८१८ साली त्याचं पेटंट घेतलं त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान याने, आणि आजही नाव चालतं ते आकरमानचं. घडवणाऱ्यांच्या नशिबी हे नवं नाही. शिवाय वळणावर भार बाहेरच्या चाकांवर कलतो. एरवी निवांत असलेले सांधे अशा वेळी एकदम कामाला लागतात.

म्हणून पहिली परीक्षा गाडी जागेवर उभी ठेवून. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, दुसऱ्याने चाकाजवळ बसून ऐकायचं. चाक गरगरत नसल्यामुळे चाकाचं बेअरिंग जवळजवळ संशयातून सुटतं. टायर जमिनीवर घासल्याचा आवाज वगळूनही करकर उरली, तर संशय बॉल जॉइंटवर किंवा टाय रॉड एंडवर.

बॉल जॉइंट म्हणजे वाटीत बसवलेला पोलादी गोळा, भोवती ग्रीस आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली की धूळ-पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं. कोरडा गोळा मग नीट सरकत नाही. तो वाटीला चिकटतो, जोर साठत जातो, एकदम घसरतो आणि पुन्हा चिकटतो. सेकंदाला कित्येकदा हे घडलं की आपल्याला करकर ऐकू येते. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती तारेवर हीच चिकट-घसर मुद्दाम घडवायला! आणि १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली या शास्त्रज्ञांनी असं मांडलं की जमिनीखालचे खडकही भेगेवर असेच चिकटतात, ताण साठवतात आणि घसरतात. त्यालाच आपण भूकंप म्हणतो. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, कोयना हादरली. पुढच्या चाकामागची करकर आणि कोयनेचा हादरा एकाच घर्षणाच्या घरातले, हे कळल्यावर गॅरेजमधला कंटाळवाणा आवाजही कान देऊन ऐकावासा वाटतो.

आवाज शोधताना कान मात्र फसवतो. लोखंडी चेसिस आवाज दूरवर नेते आणि डावीकडची करकर उजवीकडे ऐकू येते. त्यापेक्षा हात बरा. बोटं चेंगरणार नाहीत अशा बेताने सांध्यावर हात ठेवला, की दोषी सांधा थरथरताना कळतो. नाहीतर एकेका सांध्यावर पाणी मारत जायचं. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज घटकाभर थांबला, तो सापडला.

चालत्या गाडीतले आवाज निराळे. फोर बाय फोर पिकअप पूर्ण वळवून हळू चालवताना कटकट आली, तर पुढच्या एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट झिजलेला असण्याची शक्यता मोठी. वेगात घरघर आणि डाव्या वळणावर ती वाढली, तर बहुधा उजवं बेअरिंग, कारण भार तिकडे गेला. मागच्या कमानी कुरकुरल्या तर आधी पाटा तुटलाय का, यू बोल्ट सैल आहेत का, हे बघावं. पाट्यांचं आपसातलं घासणं मात्र थोडं हवंच, त्याने उसळी मरते.

सांध्यात ग्रीस मारून आवाज घालवण्याची आपल्याकडे भारी हौस. झिजलेल्या बॉल जॉइंटच्या बाबतीत मला हे धोक्याचं वाटतं. आवाज जातो, ढिलाई राहते, आणि गोळा वाटीतून निसटला तर चाक मुडपून गाडी ताब्यात राहत नाही. चाक उचलून, खाली भक्कम स्टँड लावून, ते वर-खाली धरून हलवावं. खेळ जाणवला तर तो सांध्याचा की बेअरिंगचा हे पाहावं, आणि सांधाच ढिला असेल तर बदलावा. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावं. रबरी बुशला साधं ग्रीस तर लावूच नये, त्या तेलाने रबर फुगतं. नवा बुश बसवताना त्याचा नट चाकं लोंबकळत असताना पक्का आवळू नये. गाडी आपल्या वजनावर टेकली की मगच आवळावा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.