होडीवर लिहायचं होतं ‘दर्या’, कापून आलं ‘दऱ्या’

वर्ध्यात राहून होडीवर नाव रंगवायचं काम अंगावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे पाणी म्हणजे बोर धरण आणि पवनारची धाम नदी. पण इंजिनीअरिंगचा माझा रूममेट मालवणचा. त्यांच्या घरची छोटी शिडाची होडी पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हाच तिचं रंगकाम होतं. नाव लिहिणारे पेंटरकाका आता थकलेत. म्हणून त्याचा मेसेज आला: ‘दर्याराणी’चं स्टेन्सिल बनवून पाठव, तू सॉफ्टवेअरवाला ना!

मी गावातल्या एका रेडियमच्या दुकानात गेलो, नाव व्हॉट्सॲपवर पाठवलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते ‘दर् याराणी’ असं तुटून उमटलं. मग दुकानदाराने जुन्या फॉन्टमध्ये स्वतः टाइप केलं, कापलं, आणि मी रोल कुरिअर केला. तिकडे काकूंनी चिकटवायच्या आधी वाचलं म्हणून बरं. त्यावर होतं ‘दऱ्याराणी’. समुद्राची राणी डोंगरदऱ्यांची झाली होती! पैसे देण्याआधी मीही ते पाहिलं होतं, हे विशेष.

हे का होतं ते समजून घेऊ, कारण लग्नपत्रिका, दुकानाची पाटी, गाडीचं रेडियम, सगळीकडे हाच घोळ असतो.

युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘वर्धा’ म्हणजे व, र, हलन्त, ध, काना. त्यात र हा ध च्या आधी आहे, पण पडद्यावर तो रफार होऊन धा च्या डोक्यावर बसतो. हे बसवण्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. अँड्रॉइड आणि क्रोममध्ये ते हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर करतं, त्यामुळे तुमच्या फोनवर सगळं नीट दिसतं. ज्या प्रोग्रॅमला शेपिंग येत नाही, तो मिळालेली चिन्हं नुसती ओळीने मांडतो. गोव्यात बांधलेल्या ज्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचं नाव नदीवरून ‘म्हादेई’ आहे. ते अशा प्रोग्रॅममध्ये टाकलं तर ‘म् हादेई’ होईल. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी जग फिरवून आणलेल्या ‘तारिणी’ची पहिली वेलांटी तर चक्क र च्या उजवीकडे जाऊन बसेल.

जुन्या फॉन्टची गोष्ट वेगळी. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. टाइप करणारा उच्चार नाही, आकार निवडतो. आणि मराठीत दुसऱ्या, किनाऱ्या, साऱ्या असे शब्द इतके येतात की ‘र्या’ दिसलं की हात आपोआप त्या आडव्या र कडे जातो. युनिकोडमध्ये मात्र ही दोन वेगळी अक्षरं आहेत, साधा र आणि नुक्ता असलेला ऱ. ओळखायची युक्ती सोपी आहे. शब्द फोनवर टाइप करा आणि बॅकस्पेसने एकेक चिन्ह मागे घ्या. शेवटी ‘दर’ उरलं तर समुद्र. र खाली टिंब दिसलं तर दरी.

दुसऱ्या खेपेला मी मजकूर पाठवलाच नाही, आकार पाठवला. इंकस्केप हे लॅपटॉपवर फुकट मिळतं आणि त्याला शेपिंग येतं. मुक्ता फॉन्टमध्ये नाव लिहिलं, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या बाह्यरेषा उरल्या. आता समोरच्याकडे फॉन्ट असो-नसो. मग ‘युनियन’. ही पायरी मराठीसाठी फार महत्त्वाची, कारण आपल्या फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या जोडल्या नाहीत तर कटरचं पातं प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर शिरोरेषा चिरत जातं. लॅपटॉप नसेल तर फोनवरच गुगल डॉक्समध्ये लिहून पीडीएफ करा. दुकानदाराला सांगा, कोरलड्रॉमध्ये उघडताना टेक्स्ट ‘कर्व्ह्ज’ म्हणून घ्या.

पुठ्ठ्याचं स्टेन्सिल टाळा. ‘व’च्या पोटातला तुकडा कापल्यावर गळून पडतो. रेडियमवर वरून ट्रान्सफर टेप लावली की तो जागच्या जागी राहतो.

आणखी एक प्रश्न मित्राने विचारला, दुसऱ्या बाजूसाठी डिझाइन आरशासारखं उलटं करायचं का? अजिबात नाही! उलटते फक्त जागा. डाव्या अंगाला नाव नाळेपासून जेवढं दूर, उजव्या अंगालाही तेवढंच, पण वाचायचं दोन्हीकडे डावीकडूनच. शिरोरेषा होडीच्या काठाला समांतर धरायची. काठ पुढे वर चढतो, त्यामुळे लेव्हल लावून सरळ केलेलं नाव डोळ्यांना वाकडं दिसतं. आधी साध्या कागदावर छापून चिकटवलं आणि दहा पावलं मागे जाऊन पाहिलं की कळतं.

रंग पूर्ण वाळायच्या आत रेडियम सोलून काढायचं, नाहीतर कडा उचलून येतात. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मित्राने फोटो पाठवला. या वेळी मी आधी रफार पाहिला, मग होडी.