ताप हटेना, म्हणून सुनेला दोष का?

भिवंडीत यंत्रमागावर राबणाऱ्या आपल्या वस्त्यांत लेकराला ताप येणे नवे नाही. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड आपल्या ओळखीचे आहेत. पण क्वचित एखाद्या बाळाचा ताप औषधानेही हटत नाही. बाळ पांढरेफटक पडते, यकृत व प्लीहा वाढून पोट फुगते. अशा वेळी कोणी अंगारा सुचवतो, कोणी सुनेच्या पायगुणावर बोट ठेवतो. म्हणून आम्ही आज या आजाराचे खरे कारण सांगत आहोत.

आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात. विषाणू शिरलेली पेशी सापडली की त्या तिला बिलगतात आणि 'परफोरिन' नावाचे प्रथिन सोडतात. त्याचे कण रोगी पेशीच्या आवरणात कडे करून बसतात आणि आरपार भोक पडते. त्या वाटेने 'ग्रॅन्झाइम' ही दुसरी प्रथिने आत शिरतात व रोगी पेशी मरते. मग पहारेकरी तिला सोडून पुढच्या कामाला लागतो.

काही बाळांत जन्मतःच परफोरिन नसते किंवा निकामी असते. मग रोगी पेशी मरत नाही, पहारेकरी तिला सोडत नाही, मदतीची हाक मात्र देतच राहतो. त्या गोंधळात शरीर स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागते. डॉक्टर या आजाराला 'एचएलएच' म्हणतात. परफोरिनचा दोष हे त्याचे एक कारण. ते १९९९ साली उघड झाले.

हा दोष आई व वडील दोघांकडून आला तरच बाळ आजारी पडते. ते दोघे स्वतः धडधाकट असतात. त्यांच्या प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. मग एकट्या सुनेला बोल का? नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो. मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या रूढीचा आपण फेरविचार करावा.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे तथागतांनी शिकवले. बाबासाहेबांनी १९५६ साली तोच धम्म आपल्या हाती दिला. तेव्हा अंगाऱ्यात वेळ दवडू नका, बाळाला सरकारी रुग्णालयात न्या. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा जन्मजात दोषांची तपासणी होते. औषधांनी आजार आवरता येतो. जन्मजात दोषावर अस्थिमज्जा-रोपण हा उपाय आहे. आधीचे मूल अशाच तापाने दगावले असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका. त्या एका माहितीने पुढचे लेकरू वाचू शकते.