व्हाया मिरज

पुण्याहून बेळगाव तसं लांब नाही. साडेतीनशे किलोमीटरच्या आतबाहेर. पहाटे निघालात, कराडला चहा घेतलात, तर दुपारच्या जेवणाला घरी. 'सवाई' आटोपून मी हा रस्ता गेली पस्तीसेक वर्षं असाच, अर्धवट झोपेत कापत आलो आहे. आधी रेल्वेने, मग एस.टी.ने, पुढे मित्राच्या गाडीतून. गेल्या डिसेंबरात मात्र दोन दिवस लावले. एकटाच होतो, गाडी माझी होती, आणि घरी पोचायची मला घाई नव्हती. का नव्हती ते सांगतो, पण सवडीने.

'सवाई'ला जाणाऱ्यांची एक जातच आहे. त्यांना गाण्यातलं सगळं कळतं असं मुळीच नाही. मला स्वतःला बागेश्री आणि रागेश्रीत अजूनही गोंधळायला होतं. पण डिसेंबर उजाडला की स्वेटर, थर्मास आणि सतरंजी बाहेर निघते. गुरू सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, गेल्यानंतर पहिल्या पुण्यतिथीला, १९५३ साली, भीमसेनांनी हा उत्सव सुरू केला. कुंदगोळ हुबळीजवळचं. त्यामुळे पुण्यात बसूनही आम्हा बेळगावकरांना हे आपल्या घरचं कार्य वाटतं. रमणबागेच्या मैदानावर रात्र रात्र जागवलेली आमची पिढी. पुढे ध्वनिक्षेपकांवर वेळेचं बंधन आलं, रात्री गेल्या. २०१८ पासून उत्सव मुकुंदनगरला गेला. शेवटच्या दिवशी भीमसेन गात. ते २०११ मध्ये गेले. मग समारोपाला प्रभाताई अत्रे असत. जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या. आम्ही बँकेतले चौघे जायचो, त्यातला एक आता मुलाकडे अमेरिकेत असतो, एकाचे गुडघे बसू देत नाहीत, आणि एकाचा फोन नंबर मी अजून पुसलेला नाही.

तर या खेपेस एकटा बसलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका गायिकेने तंबोरे जुळवून घेतले, आणि मांडवातून तो परिचित 'अहाहा' उठला. तंबोरे जमले की गाणं सुरू होण्याआधीच अर्धी बैठक जिंकलेली असते, हे तुम्हांला सांगायला नको. मला मात्र काहीच झालं नाही. गाणं ऐकू येत होतं, तबला येत होता, पेटीही येत होती. मागे बसलेल्या दोन मुलींची बोटं तारांवरून फिरताना दिसत होती. पण तारांची नुसती बोथट 'ठण ठण' तेवढी यायची, आणि तिच्यावर जो झंकार तरंगत राहतो तो नव्हता. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "आज तंबोऱ्यांचा माइक कमी ठेवलाय का हो?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "कमी? अहो, काय लागलेत तंबोरे!"

पुढचे दिवस मी गाणं ऐकलं नाही, कान तपासत बसलो.

सोमवारी सकाळी निघालो. शिरवळच्या पुढे एक ट्रकवाला बराच वेळ मागून हॉर्न देत होता. शेवटी शेजारी येऊन त्याने हाताने खूण केली. माझा डावा इंडिकेटर चालूच होता. किती मैल, देव जाणे. पूर्वी त्याची 'टिक टिक' ऐकू यायची. दिवा डोळ्यांसमोर असतो, पण तो कोण बघतो? तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला. घरी टी.व्ही.च्या आवाजावरून वर्षभर होणारी भांडणं, 'तुम्ही हल्ली लक्षच देत नाही' ही सौ.ची तक्रार, सगळ्याचा हिशेब एकदम जुळला. बँकेत असताना दहा पैशांचा फरक सापडला की आनंद व्हायचा. हा फरक सापडला आणि वाटलं, आज घरी जायलाच नको.

साताऱ्याहून मग सरळ न जाता कोरेगाव, रहिमतपूर करत औंधला वळलो. यमाईचा डोंगर, पायथ्याशी पंतप्रतिनिधींचं गाव. लोक तिथल्या संग्रहालयातली रविवर्म्याची चित्रं बघायला जातात. मला औंध म्हटलं की अंतूबुवा जोशी आठवतात, इथले दरबारगायक, आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, जे गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे. या एवढ्याशा गावात १९४० पासून संगीताचा उत्सव होतो आहे. मी गेलो तेव्हा अर्थात चिटपाखरू नव्हतं. देवळाच्या पायऱ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या आणि पुसेसावळी, विटा, तासगाव अशा आडरस्त्याने निघालो. गाडीत खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांची गाणी होती. लावली नाहीत.

मिरजेला पोचायला संध्याकाळ झाली. लॉजवर पडल्या पडल्या विचार करत होतो की आपण नेमके याच गावाला का आलो. गाण्याच्या माणसांचं मिरजेशी नातं आहे ते गाण्याइतकंच दुखण्याचंही. कुरुंदवाडच्या लहानग्या विष्णू दिगंबरांचे डोळे शोभेच्या दारूने अधू झाले, ते इलाजासाठी मिरजेला आले. डोळे बरे झाले नाहीत, पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम मिळाली, आणि १९०१ मध्ये त्याच मुलाने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. नारायण राजहंस नावाच्या मुलाला कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून शाहू महाराजांनी त्याला मिरजेच्या मिशन इस्पितळात धाडलं. तो बालगंधर्व होऊन १९०५ मध्ये शकुंतलेच्या वेषात पहिल्यांदा उभा राहिला तोही मिरजेतच. आणि अब्दुल करीम खाँ. प्लेगातून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या कृपेने वाचलो, अशी त्यांची श्रद्धा होती असं सांगतात. १९३७ मध्ये पाँडिचेरीला जाताना मद्रासकडच्या एका छोट्या स्टेशनाच्या फलाटावर त्यांनी देह ठेवला, आणि त्यांना आणलं मात्र मिरजेला, त्याच दर्ग्याच्या आवारात. सकाळी तिथे जाऊन आलो. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, म्हणजे पुण्यात चालतं त्याचं मूळ एका अर्थी इथे.

दर्ग्यापासून सतारमेकर गल्ली लांब नाही. इथले कारागीर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे. शस्त्रांचं काम सरल्यावर दीडएकशे वर्षांपूर्वी फरीदसाहेबांनी वाद्यांना हात घातला, आणि आज मिरजेचा तंबोरा देशभर जातो. २०२४ मध्ये सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात शिरलो. छताला पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे टांगलेले, जमिनीवर लाकडाचा भुस्सा, आणि एक वयस्क कारागीर कानस घेऊन तंबोऱ्याच्या घोडीवर वाकलेले. जवारी काढत होते. तार घोडीच्या माथ्यावर कशी टेकते, यावर तंबोऱ्याचं सगळं बोलणं असतं. माथा इतका बारीक उतरता घासायचा की तार सुटता सुटता त्याला हलकेच चाटत राहील. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक तुकडा सरकवायचा. तो नेमक्या जागी आला की तार 'उघडते'.

"चाचा, जरा दाखवता का?" मी म्हटलं.

त्यांनी सूत काढून तार छेडली. मग सूत घातलं, बोटाने इवलंसं पुढेमागे केलं, पुन्हा छेडली. "बघा, किती फरक."

मी मान डोलावली. दोन्ही आवाज मला जवळजवळ सारखेच वाटले होते. दुकानदारापुढे कसली लाज, पण खोटीच मान डोलावली. चाचांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. काही न बोलता माझा हात धरून तळवा भोपळ्यावर ठेवला, आणि चारी तारा सावकाश छेडल्या. पंचम, जोड, जोड, खर्ज. सूत काढून एकदा, सूत घालून एकदा. दुसऱ्या वेळी हातात काहीतरी जास्त वेळ राहिलं, बारीक मुंग्यांसारखं.

"कानाच्या डॉक्टरला दाखवलं का साहेब?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही अजून."

"मिरजेत डॉक्टरांना काय तोटा! पण घरच्यांना आधी सांगा. आमच्याकडे पण वाद्य येतं ना दुरुस्तीला, लोक फार उशिरा आणतात. तोवर ऐकत बसतात तसंच."

सुताचं एक छोटं रीळ त्यांनी हातात ठेवलं. पैसे घेतले नाहीत. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते, हत्यारं जवळ बाळगत, हे पुस्तकात वाचलेलं होतं. चाचांनी ते मला असं सांगितलं, की जणू काल दुकानात येऊन गेले.

मग अंकली, चिकोडी, संकेश्वर. वंटमुरीचा घाट उतरताना इंडिकेटर तीनदा तपासला.

सौ.ने दार उघडलं. "अहो, काल येणार होता ना? फोन तरी उचलायचा!" चहा होईपर्यंत मी तिला सगळं सांगितलं, मांडवातलं, ट्रकवाल्याचं, भोपळ्यावरच्या हाताचं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता." तिने लगेच भाचीला फोन करून कानाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घ्यायला सांगितलं.

तिच्या आईचा तंबोरा आमच्याकडे आहे. गवसणीतून किती वर्षांत काढला नव्हता. रात्री जेवण झाल्यावर काढला, पुसला, तारा बेताच्या जुळवल्या. त्यासाठीही तिलाच विचारावं लागलं. मग रीळ उघडून पहिल्या तारेखाली सूत घातलं, एक हात भोपळ्यावर ठेवला आणि तार छेडली.

"आलं?" मी विचारलं.

ती ओट्यापाशी भांडी लावत होती. ताट हातातच ठेवून तिने कान दिला.

"अजून थोडं पुढे घ्या," ती म्हणाली.