वीस सेकंदांचं श्रेय कुणाचं?

पेपरवर कुणाचं नाव यावं, हा प्रश्न किरकोळ वाटत असेल तर क्लाइड स्टबलफील्डची गोष्ट ऐका.

अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात १९४३ साली जन्मलेला हा ड्रमर लहानपणी कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या आवाजांतून ताल शिकला. १९६५ मध्ये तो फंक संगीताचा बादशहा जेम्स ब्राउनच्या बँडमध्ये आला. १९६९ मध्ये ‘फंकी ड्रमर’ ध्वनिमुद्रित होताना बाकीची वाद्यं थांबली आणि सुमारे २० सेकंद तो एकटाच वाजवत राहिला. पुढे सॅम्पलर आले. हिप-हॉप कलाकारांनी हाच तुकडा उचलून हजाराहून जास्त गाण्यांत वापरला.

पण रचनाकार म्हणून नोंद फक्त ब्राउनची. ताल स्टबलफील्डचा, तरी कागदावर तो पगारी वादकच. त्यामुळे रॉयल्टीवर त्याचा हक्क लागला नाही. २०१७ मध्ये तो गेला. त्याच वर्षी, त्याच्या पश्चात, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली.

आपल्या लॅबमध्येही असे ‘ड्रमर’ असतात: डेटा गोळा करणारे, कोड लिहिणारे. त्यांचं नाव लेखकांत की आभारात? पेपर छापून आल्यावर हे विचारण्यात अर्थ नसतो. काम सुरू होतानाच गाइडशी बोला आणि ठरलेलं लिहून ठेवा.