हृदयधमन्यांतील कॅल्शियमचे साठे आणि अँजिओप्लास्टी : एक विवेचन

प्रस्तावना

हृदयाच्या स्नायूंना रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्या अरुंद झाल्या म्हणजे छातीत दुखणे, श्रमाने दम लागणे व प्रसंगी हृदयविकाराचा झटका येणे असे परिणाम संभवतात. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झ्युरिक येथे अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी छाती न उघडता, फुग्याच्या साहाय्याने अशी धमनी रुंद केली आणि अँजिओप्लास्टीचा प्रारंभ झाला. १९८६ मध्ये स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, मानवी हृदयधमनीत प्रथम बसविण्यात आली. बोलीभाषेत यालाच ‘स्प्रिंग टाकणे’ असे म्हणतात. हा उपचार आज इतका परिचित झाला आहे की, ‘किती टक्के ब्लॉक आहे?’ एवढीच चौकशी नातेवाईक करतात. तो ब्लॉक कशाचा आहे, हे मात्र सहसा विचारले जात नाही. वस्तुतः अडथळा मऊ मेदाचा आहे की कठीण कॅल्शियमचा, यावर उपचाराची पद्धत, जोखीम, खर्च आणि यश बऱ्याच अंशी अवलंबून असते. हा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कॅल्शियम साचण्याची प्रक्रिया

नळाच्या पाइपात क्षार साचावेत तसे धमनीत कॅल्शियम साचते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. धमनीच्या आतील आवरणात मेद साठतो, तेथे दाह निर्माण होतो आणि भित्तिकेतील काही स्नायुपेशी हाडातील पेशींसारखे गुणधर्म धारण करतात. म्हणजेच ही हाड तयार होण्याशी साम्य असणारी सजीव प्रक्रिया आहे. वाढते वय, मधुमेह, मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार व धूम्रपान यांमुळे ती बळावते. साचलेले कॅल्शियम विरघळविणारे सिद्ध औषध आज उपलब्ध नाही. स्टॅटिन गटातील औषधांनीही कॅल्शियमचे मोजमाप घटत नाही, किंबहुना किंचित वाढू शकते. तथापि त्यांमुळे झटक्याचा धोका कमी होतो. म्हणून केवळ मोजमाप वाढले या कारणास्तव ही औषधे बंद करणे अयोग्य ठरते.

फुगा व स्टेंट यांपुढील अडचण

मऊ थर फुग्याच्या दाबाने बाजूला सरतो. कॅल्शियमचा थर दगडासारखा अडून राहतो. तो धमनीच्या एकाच बाजूस असेल तर फुगा समोरच्या मऊ बाजूकडे फुगतो आणि तेथे भित्तिका फाटण्याचा संभव असतो. कॅल्शियमचे कडे धमनीला सर्व बाजूंनी वेढून असेल तर फुगा मध्येच आवळल्यासारखा राहतो. कित्येकदा स्टेंट त्या जागेपर्यंत पोहोचतच नाही.

याहून गंभीर बाब म्हणजे स्टेंट जागेवर पोहोचला, परंतु पूर्णपणे उमलला नाही, तर त्यात रक्ताची गुठळी होण्याचा व धमनी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढतो. धातूच्या जाळीबाहेरील कॅल्शियम नंतर फोडणे कठीण असते. यास्तव आधी धमनीची पूर्वतयारी व मग स्टेंट, हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

निदानाची साधने

साध्या अँजिओग्राफीत प्रामुख्याने रक्ताचा मार्ग दिसतो. कॅल्शियमची जाडी समजत नाही. आर्थर अ‍ॅगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेला सीटी स्कॅनवरील गुणांक एकूण साठ्याची कल्पना देतो. शून्य म्हणजे कॅल्शियम न आढळणे, तर ४०० च्या पुढील गुणांक मोठा साठा दर्शवितो. मात्र नेमकी कोणती जागा फुग्याला दाद देणार नाही, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी धमनीच्या आतून ध्वनिलहरींनी किंवा प्रकाशकिरणांनी चित्रण करतात. प्रकाशकिरणांच्या चित्रणात कॅल्शियमचा वेढा १८० अंशांहून अधिक, जाडी ०.५ मिलिमीटरहून अधिक आणि लांबी ५ मिलिमीटरहून अधिक आढळल्यास स्टेंट अपुरा उमलण्याची शक्यता मोठी समजली जाते.

पूर्वतयारीच्या पद्धती

१. विशेष फुगे : अधिक दाब सोसणारे किंवा पृष्ठभागावर बारीक पाती असणारे फुगे कॅल्शियमला चिरा पाडतात.

२. घासून काढणे : रोटाब्लेशनमध्ये हिऱ्याच्या कणांनी मढविलेले सूक्ष्म टोक मिनिटाला सुमारे १,४०,००० ते १,८०,००० फेरे घेत कठीण थर घासते. धमनीला छिद्र पडणे किंवा रक्तप्रवाह मंदावणे हे त्यातील धोके होत.

३. आघातलहरी : मुतखडा फोडण्यासाठी १९८० पासून वापरात आलेले तत्त्व येथे उपयोगी पडले. केवळ ४ वातावरणीय दाबाला फुगविलेल्या फुग्यातून निघणाऱ्या लहरी कॅल्शियमला तडे पाडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ही पद्धत हृदयधमन्यांसाठी मान्य केली.

महागडे साधन प्रत्येक रुग्णास हितावहच असते, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील ‘एक्लिप्स’ या २,००५ रुग्णांच्या अभ्यासात कक्षीय पद्धतीने कॅल्शियम घासणे व केवळ फुग्याने तयारी करणे यांची तुलना झाली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षअखेर घासण्याचा अधिक लाभ दिसला नाही. अर्थात, हे निष्कर्ष दोन्ही पद्धती शक्य असणाऱ्या रुग्णांपुरते आहेत. जेथे फुगा जातच नाही वा फुगतच नाही, तेथे अन्य साधनांची गरज उरतेच.

समारोप

फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली व रुग्णांना मोठा दिलासा मिळाला. तथापि तो आदेश स्टेंटपुरता होता; कॅल्शियम फोडण्याची साधने त्यात नव्हती. त्यामुळे कॅल्शियमयुक्त धमनीचा रुग्ण केवळ स्टेंटच्या किमतीवरून खर्चाचा अंदाज बांधू शकत नाही. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कुटुंबाने तीन प्रश्न विचारणे हिताचे आहे : कॅल्शियम किती व कोठे आहे, ते फोडण्याची तयारी येथे उपलब्ध आहे काय, आणि बायपास शस्त्रक्रिया हा अधिक योग्य पर्याय आहे काय? तातडीचा झटका नसेल, तर असा विचार करण्यास अवधी मिळतो. धमनी उघडण्याच्या उपचारात स्टेंट ही शेवटची पायरी आहे. तिचे यश आधीच्या तयारीवर अवलंबून असते.