कांदळवन लागवडीसाठी उपग्रह नकाशांकन

कांदळवन लागवडीसाठी उपग्रह नकाशांकन म्हणजे उपग्रह प्रतिमांच्या आधारे खाडीकाठी व समुद्रकिनारी खारफुटीच्या रोपणास योग्य जागा निश्चित करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात तिचा संबंध मुख्यतः कोकण किनाऱ्याशी येतो.

पार्श्वभूमी

मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि त्यांचे उपग्रहाद्वारे नकाशे करण्याचा आदेश दिला. हे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. २०१२ मध्ये वनविभागांतर्गत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यात ३२४ चौ. किमी कांदळवन होते.

कार्यपद्धती

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते व अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. ओला चिखल व पाणी मात्र अवरक्त प्रकाश बहुतांशी शोषतात. या फरकावरून दाट वन, विरळ वन आणि उघडी दलदल वेगवेगळी ओळखता येते. जुन्या व नव्या प्रतिमा ताडून पाहिल्या म्हणजे पूर्वी वन असून आता उजाड झालेले पट्टे दिसतात. लागवडीसाठी प्रथम विचार व्हावा तो याच पट्ट्यांचा.

खरी अडचण भरतीची आहे. अशा प्रतिमा टिपणारे बहुतेक उपग्रह एखाद्या ठिकाणावरून ठरावीक वेळी, साधारणतः सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात. भरतीची वेळ मात्र रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे ओहोटीच्या वेळची, तीही निरभ्र आकाशातील प्रतिमा निवडून काढावी लागते. पावसाळ्यातील प्रतिमा ढगांमुळे बहुधा निरुपयोगी ठरतात. निरनिराळ्या भरतीच्या वेळी पाणी कोठवर पोहोचले हे अनेक प्रतिमांवरून आखल्यास जमिनीच्या उंचसखलपणाचा अंदाज बांधता येतो. हा तपशील निर्णायक असतो, कारण खारफुटी सरासरी समुद्रपातळी व उधाणाची भरतीरेषा यांमधील पट्ट्यातच तग धरते. त्याखाली लावलेली रोपे बुडून मरतात.

मर्यादा

रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ संवेदकाची विभेदनक्षमता २३.५ मीटर आहे. खाडीकडेची तिवरांची अरुंद रांग तीत हरवून जाते. मातीची क्षारता, बांध घातल्याने अडलेला भरतीचा प्रवाह किंवा जमिनीची मालकी यांचा उलगडा केवळ प्रतिमेवरून होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणी व सातबारा उतारा पाहणे आवश्यक ठरते.

प्रतिमेत मोकळी दिसणारी प्रत्येक दलदल पडीक नसते. ठाणे खाडीच्या चिखलमैदानांवर रोहित पक्षी अन्न शोधतात. तेथे रोपे लावल्यास त्यांचे चरण्याचे क्षेत्र घटते. जेथे भरतीचे पाणी व बिया सहज पोहोचतात, तेथे अडलेला प्रवाह मोकळा केल्यास रोपणाविनाही वन उगवते.